भरवशाच्या .२२ टार्गेट रायफलचा शोध : एका जिल्हा क्लबचे प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या रायफल क्लबने पन्नास मीटर नेमबाजीसाठी .२२ बोअरच्या तीन रायफली एकामागून एक वापरून पाहिल्या. तिन्हींनी निराशा केल्यावर चौथी रायफल वेगळ्या पद्धतीने निवडली, त्या निवडीची ही हकिगत आहे. क्लबची आणि व्यक्तींची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. निराशा करणाऱ्या रायफलींच्या कंपन्यांची नावेही जाणूनबुजून दिलेली नाहीत, कारण दोष बहुतांशी त्या एका नगाचा किंवा खरेदीच्या रीतीचा होता. प्रस्तुत लेखकाचा संबंध क्लबचा बाहेरचा सल्लागार प्रशिक्षक म्हणून आला.

या भागात पन्नास मीटरचे आकर्षण जुने आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत पन्नास मीटर प्रोनचे (पालथे झोपून नेम धरण्याच्या प्रकाराचे) सुवर्णपदक मिळवले, आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथे आणि उभ्याने अशा तीन स्थितींत) कांस्यपदक जिंकले. त्यानंतर दहा मीटर एअर रायफलच्या वर्गांना गर्दी वाढली आणि त्यांतील काही मुले पन्नास मीटरकडे वळू लागली. इथे खरी अडचण सुरू होते. एअर रायफल पालक कर्ज काढून का होईना, घेऊ शकतात. .२२ रायफल मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ खालचे अग्निशस्त्र आहे, आणि एकवीस वर्षांखालील व्यक्तीला स्वतःच्या नावावर ती घेणे सोपे नाही. त्यामुळे मान्यताप्राप्त क्लबच्या शस्त्रागारातील रायफल हाच अशा खेळाडूचा आधार असतो.

या प्रकरणातील खेळाडू एकोणीस वर्षांची महाविद्यालयीन मुलगी होती. एअर रायफलमध्ये तिचा पाया पक्का होता. पन्नास मीटरवर आल्यावर मात्र प्रोनमध्ये, म्हणजे सर्वांत स्थिर स्थितीतही, तिचे गुण सहाशेपैकी पाचशे सत्तरच्या आसपास घुटमळत राहिले. कार्यकारिणीने हा दोष तिच्या तंत्राचा मानला. स्लिंगची, म्हणजे रायफल दंडाला धरून ठेवणाऱ्या पट्ट्याची, लांबी बदलली, कोपराची जागा बदलली, श्वास रोखण्याची वेळ बदलली. जवळपास अर्धा हंगाम यात गेला आणि गुण जागचे हलले नाहीत.

नेमके काय हवे होते

‘अचूक’ या शब्दाखाली क्लबमध्ये प्रत्येकाच्या मनात वेगळे माप होते. म्हणून आधी टार्गेटचा हिशेब मांडावा लागला. पन्नास मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो, आणि गोळीचे भोक मापण्याचा गेज ५.६ मिलिमीटरचा असतो. भोकाची कड वर्तुळाला नुसती शिवली तरी वरचा गुण मिळतो. याचा अर्थ, गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत असेल तर दहा लागतो. ज्या रायफलीचा दहा गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत १६ मिलिमीटरच्या आत राहतो, ती रायफल अगदी बरोबर झीरो केली (म्हणजे नेम आणि फटका एका जागी जुळवला) आणि नेमबाजाने काहीच चुकवले नाही तर दहापैकी दहा ‘दहा’ देऊ शकते. ग्रुप ३० मिलिमीटरचा असेल, तर नेमबाजाने काही न चुकवताही नऊ येतच राहणार.

दशांश गुणांत हिशेब आणखी कडक होतो. तिथे गोळी मध्यापासून दर ०.८ मिलिमीटर दूर गेली की गुणाचा एक दशांश कमी होतो. पॅरिसमध्ये कुसाळे यांनी पात्रता फेरीत तीन स्थितींत मिळून सहाशेपैकी ५९० गुण केले आणि तेवढ्यावर ते सातव्या क्रमांकाने अंतिम फेरीत गेले. या पातळीवर रायफलीने स्वतःच्या खाती दोन-चार गुण गिळले तर ते भरून काढायला जागा उरत नाही.

आणखी एक गोंधळ मोजण्याचा होता. कोणी ग्रुप बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजत असे, कोणी मध्यापासून मध्यापर्यंत. दोन्हींत ५.६ मिलिमीटरचा फरक पडतो. विक्रेत्याने सांगितलेला आकडा आणि क्लबने मोजलेला आकडा यांची तुलना त्यामुळे कधी जुळलीच नव्हती. पुढे सर्व मोजमाप डिजिटल व्हर्नियरने बाहेरून बाहेर घेऊन त्यातून ५.६ वजा करण्याचे ठरले.

पहिल्या तीन रायफली

पहिली रायफल क्लबकडे आधीपासून होती. ती शिकारी घाटाची जुनी युरोपीय बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल होती, बॅरल बारीक होते, लाकडी स्टॉक (दस्ता) लांब होता आणि वर नंतर बसवलेली पीप साइट (बारीक भोकातून नेम धरण्याची साइट) होती. उन्हाळ्यात ती बरी चाले. पावसाळा सुरू झाला की झीरो रोज हलायचा. क्लबचे शस्त्रागार सांभाळणाऱ्या निवृत्त सुभेदारांनी याचे कारण एका कागदाच्या पट्टीने दाखवले. मार्चमध्ये बॅरल आणि स्टॉक यांच्यामधून ती पट्टी चेंबरपर्यंत, म्हणजे काडतूस बसते त्या जागेपर्यंत, सरळ सरकत असे, जुलैमध्ये ती पुढच्या टोकापासून चार बोटांवरच अडकू लागली. लाकूड ओल धरून फुगले होते आणि एका बाजूने बॅरलला दाबत होते. लाकूड घासून ती जागा मोकळी केल्यावर झीरो स्थिरावला, पण दहा गोळ्यांचा ग्रुप ३० मिलिमीटरच्या खाली आला नाही. नवशिक्याला सुरक्षितता आणि ट्रिगर शिकवायला ती योग्य होती, स्पर्धेसाठी नव्हती.

दुसरी रायफल नवी होती आणि टार्गेट रायफलींच्या मानाने बरीच स्वस्त. तिच्यासोबत कारखान्याच्या चाचणीचा कागद आला होता, त्यावर पाच गोळ्यांचा एक सुबक ग्रुप छापलेला होता, आणि तो ग्रुप पाहूनच खरेदी झाली. पाच गोळ्यांचा ग्रुप हा दिलासा देण्यात पटाईत असतो. तीच रायफल, तीच काडतुसे, तोच नेमबाज असला तरी दहा गोळ्यांचा ग्रुप सरासरीने पाचाच्या ग्रुपपेक्षा जवळपास पाव हिश्शाने मोठा निघतो. शिवाय अनेक ग्रुपांतून एक निवडून दाखवला तर तो काहीच सिद्ध करत नाही. क्लबच्या रेंजवर या रायफलीने चार-पाच गोळ्या एका भोकात टाकाव्यात आणि सहावी खाली सोडावी, असे वारंवार घडले. फटके आडवे पसरत नव्हते, उभे पसरत होते.

उभा पसारा हा .२२ मध्ये बहुधा वेगाचा प्रश्न असतो. या काडतुसात पेटवणारे मिश्रण तळाच्या कडेत, म्हणजे रिममध्ये भरलेले असते, आणि पिनने रिम चेपल्यावर ते पेटते. पिनचा ठोका कमीजास्त झाला, रिमची जाडी कमीजास्त असली किंवा मिश्रण सारखे पसरलेले नसले, तर ज्वलन सारखे होत नाही आणि गोळीचा वेग बदलतो. टार्गेटच्या काडतुसाची गोळी साधारण ३२५ मीटर प्रतिसेकंदाने निघते. पन्नास मीटर अंतर कापताना ती सुमारे बारा सेंटिमीटर खाली येते, आणि वेगात १० मीटरचा फरक पडला तर हे उतरणे सात-आठ मिलिमीटरने बदलते. टार्गेटवर हा जवळजवळ एक पूर्ण गुण आहे. दुसऱ्या रायफलीच्या रिकाम्या टोपणांवर पिनच्या खुणा भिंगातून पाहिल्या असता काही खोल आणि काही उथळ दिसल्या.

यानंतर क्लबने जे केले ते हौशी नेमबाज नेहमीच करतात. रायफलीच्या मुळाशी न जाता तिच्या अंगावर पैसे चढवले गेले. नवा ट्रिगर आला, उंची बदलणारा चीक पीस (गालाचा टेकू) आला, चांगली डायॉप्टर साइट आली. हे सर्व नेमबाजाच्या सोयीचे होते आणि रायफल हातात घेताच फरक जाणवत असे. ग्रुप मात्र तेवढाच राहिला. रायफल आणि तिच्यावरचा खर्च यांची बेरीज केली तेव्हा त्या रकमेत एक बरी जुनी टार्गेट रायफल आली असती, हे खजिनदारांच्या लक्षात आले, आणि त्या हिशेबातूनच तिसरी खरेदी झाली.

तिसरी रायफल नावाजलेल्या वर्गातली होती, जुनी, पण बाहेरून लखलखीत. विकणाऱ्याने ती जिवापाड पुसलेली होती, आणि पुढे असे दिसले की नेमका त्या पुसण्यानेच घात केला होता. वर्षानुवर्षे साफसफाईचा पोलादी गज नळीच्या तोंडाकडून घातल्यामुळे क्राउन, म्हणजे गोळी बॅरल सोडते ती शेवटची कड, एका बाजूने झिजली होती. कान साफ करायची कापसाची काडी त्या कडेवरून हलकेच फिरवली की एका जागी कापसाचा तंतू अडकायचा. पन्नासेक गोळ्या झाडल्यावर तोंडाशी मेण आणि शिशाचा जो करडा तारा उमटतो, त्याच्या पाकळ्या एका बाजूला लांब आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीतच, असे दिसत होते.

दुसरा दोष आतला होता. कोणीतरी तिच्यावर काडतुसाशिवाय भरपूर ट्रिगरचा सराव केला होता. रिमफायरमध्ये रिकाम्या चेंबरवर पिन पडू दिली आणि ती चेंबरच्या कडेला पोहोचत असेल, तर तिथे खळगा पडतो. त्या जागी रिमला आधार राहत नाही आणि ठोका कमकुवत होतो. उचलला गेलेला धातू आत वळतो तो गोळीला ओरखडतो. नळी टार्गेटच्या दिशेला ठेवून एक काडतूस चेंबरमध्ये सारले आणि न झाडता बाहेर काढले, तर शिशावर एक बारीक रेघ उठलेली दिसे. ती रेघ प्रत्येक काडतुसावर पिन जिथे पडते त्या जागेच्या बरोबर रेषेत होती. सुभेदार साहेब तेव्हा क्लबच्या प्रशिक्षिकेला म्हणाले, “मॅडम, पोरीला बोल लावू नका. आधी नळीला विचारा.” तोवर कार्यकारिणीच्या बैठकीत मुलीच्या मनोधैर्याची चर्चा चालू होती.

पुढचे पर्याय

चेंबरची कड परवानाधारक दुरुस्तीकाराकडून योग्य अवजाराने पूर्ववत करून घेण्यात आली आणि खाली पडणाऱ्या गोळ्या लक्षणीय कमी झाल्या. क्राउनचा प्रश्न शिल्लक राहिला. बॅरलचे टोक थोडेसे कापून नवे तोंड करणे ही जगभरची साधी दुरुस्ती आहे, आणि एका सभासदाने आपल्या ओळखीच्या लेथवाल्याकडून ती तासाभरात करून आणण्याची तयारीही दाखवली. हा प्रस्ताव बैठकीत तिथल्या तिथे थांबवला गेला, हे या प्रकरणातील सर्वांत चांगल्या निर्णयांपैकी एक म्हणावे लागेल. शस्त्र अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे अग्निशस्त्राची नळी आखूड करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. हेतू अचूकतेचा असो की आणखी कशाचा, लेथवर नळी कापणे हा गुन्हा ठरू शकला असता आणि क्लबची मान्यता धोक्यात आली असती.

मग समोर चार वाटा होत्या. पहिली म्हणजे तिसऱ्या रायफलीला नवे बॅरल बसवणे. त्यासाठी बॅरल आयात करावे लागणार, ते बसवणारा जाणकार शोधावा लागणार, आणि हंगाम हातचा जाणार. दुसरी वाट नव्या अव्वल रायफलीची. ती सर्वांत निर्धोक दिसत होती, पण किंमत काही लाखांत होती. आयातीसाठी नेमबाजी संघटनेची शिफारस आणि परवानगी यांना लागणारा वेळ वेगळाच, आणि पैसे आधी भरायचे असल्यामुळे हाती येणारा नग कसा असेल हे न पाहताच व्यवहार होणार होता. माझ्या मते इथे एक गैरसमज खोल रुजलेला आहे. महागडी रायफल म्हणजे अचूक रायफल असे सरसकट नसते. किमतीतून चांगल्या बॅरलची, नेमक्या चेंबरची आणि एकसारख्या ठोक्याची शक्यता वाढते, खात्री मिळत नाही.

तिसरी वाट मुलीला पुणे किंवा मुंबईच्या मोठ्या रेंजवर पाठवण्याची होती. बालेवाडीत सुविधा उत्तम आहेत. परंतु महाविद्यालय सोडून आठवड्याला दोन खेपा करणे तिच्या घरच्यांना परवडणारे नव्हते, आणि तिच्यामागून येणाऱ्या मुलांचा प्रश्न त्याने सुटत नव्हता.

चौथी वाट पुन्हा जुन्या रायफलीची. खजिनदारांनी साहजिकच कपाळावर आठ्या घातल्या. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, आणि क्लबचे तोंड तर तीनदा पोळले होते. “आता आणखी पैसे घालायचे ते कशाच्या भरवशावर?” हा त्यांचा प्रश्न इतका रास्त होता की पुढची सगळी पद्धत त्याच्या उत्तरातूनच उभी राहिली. ठरले ते असे : पैसे देण्याआधी रायफल आपल्या रेंजवर, आपल्या काडतुसांनी, आपण ठरवलेल्या अटींवर तपासायची, विकणाऱ्याला हे मान्य नसेल तर व्यवहार नाही.

चाचणी

एका वरिष्ठ नेमबाजांना नवी रायफल मिळणार होती आणि ते आपली जुनी अ‍ॅन्शुट्झ विकणार होते. जर्मनीतल्या उल्मच्या या कारखान्याची ५४ मालिकेची अ‍ॅक्शन (काडतूस भरण्या-झाडण्याची यंत्रणा) टार्गेट नेमबाजीत अनेक दशके नावाजलेली आहे. पण नावावर जायचे नाही असे आधीच ठरले होते. तिसरी रायफलही नावाचीच होती.

विक्रेत्याने अटी मान्य केल्या आणि रायफल त्यांच्याच ताब्यात, त्यांच्या परवान्यावर, रेंजवर आणली गेली. प्रथम क्राउन, चेंबरची कड आणि स्टॉकचे स्क्रू पाहिले. अ‍ॅक्शनचे स्क्रू हाताच्या अंदाजाने न आवळता निर्मात्याने सांगितलेल्या ताणावर टॉर्क पान्याने आवळले गेले. सुभेदारांनी जाड कापडाच्या पिशव्यांत चाळलेली बारीक वाळू भरून टेकू तयार केला, म्हणजे नेमबाजाचा वाटा शक्य तितका बाजूला काढता येईल.

काडतुसांचे चार लॉट, म्हणजे एकेका वेळी एकत्र तयार झालेले साठे, जमवले होते. काही क्लबचे, काही सभासदांकडून घेतलेले. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांतही प्रत्येक लॉट वेगळा वागतो, आणि प्रत्येक नळीला वेगळा लॉट मानवतो. म्हणूनच एली, लापुआ यांसारख्या कंपन्यांकडे नेमबाज आपली रायफल घेऊन जातात आणि वेगवेगळे लॉट झाडून पाहून त्यांतला एक निवडतात. ती सोय आपल्या जिल्ह्यात नाही. पण तत्त्व तेच वापरता येते, फक्त लॉट चार असतील, चाळीस नसतील.

लॉट बदलला की आधीच्या काडतुसाचे मेण नळीत असते, त्यामुळे बदलल्यावर आधी दहा गोळ्या मातीत जाव्यात असा नियम होता. मग प्रत्येक लॉटचे दहा-दहाचे चार ग्रुप. कोणतीही गोळी ‘माझी चूक’ म्हणून वगळायची नाही, हा सर्वांत महत्त्वाचा नियम, आणि तो पाळणे सर्वांत जड गेले. सुटलेली गोळी वगळण्याचा मोह अनुभवी माणसालाही होतो. झाडणाऱ्याला कोणता लॉट चालू आहे हे सांगितले जात नव्हते. काडतुसे रंगीत ठिपक्यांच्या साध्या ठोकळ्यांत मांडून सुभेदार देत होते. वारा उठण्याआधी सकाळी लवकर चाचणी झाली, आणि काही आठवड्यांनी ती पुन्हा झाली.

ही दुसरी फेरी कायद्याने मिळवून दिली असे म्हटले तरी चालेल. परवानाधारकाला आपले शस्त्र दुसऱ्याला विकायचे तर कलम ५ नुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. एरवी लोक या मुदतीला वैतागतात. इथे विक्रेत्याने सूचना दिली, आणि त्या मुदतीचा उपयोग कागदपत्रे तपासायला आणि वेगळ्या हवेत रायफल पुन्हा पाहायला झाला. सवलतीत आयात झालेल्या शस्त्रांच्या विक्रीला बंधने असू शकतात, म्हणून आयातीचे कागदही याच काळात बारकाईने वाचले गेले.

निकाल अपेक्षेपेक्षा बोलका होता. मधल्या किमतीच्या एका लॉटने दोन्ही फेऱ्यांत बहुतेक ग्रुप १३ ते १७ मिलिमीटरच्या दरम्यान दिले. सर्वांत महाग लॉट, ज्याच्यावर साऱ्यांची भिस्त होती, त्याचे ग्रुप १७ पासून २४ पर्यंत पसरले. उरलेले दोन त्याहून मागे राहिले. पहिली फेरी झाल्यावर ठिपक्यांचा उलगडा केला तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. दुसऱ्या फेरीत ठिपक्यांचे रंग बदलूनही क्रम तोच राहिला, तेव्हा वाद संपला.

सगळ्या ग्रुपांचे कागद एकावर एक ठेवून प्रकाशात धरले गेले. चाळीस गोळ्यांचा तो एकत्रित ग्रुप चांगल्या लॉटमध्ये गोल दिसत होता, उभा किंवा तिरका नव्हता. माझ्या दृष्टीने आकड्यापेक्षा हा गोलपणा मोलाचा. गोल पसारा म्हणजे रायफल, स्टॉक आणि ठोका यांत ढोबळ दोष नाही. जे उरले आहे ते काडतुसाचे आणि हवेचे.

निष्पत्ती

रायफल घेतली गेली आणि त्याच लॉटची मिळतील तितकी काडतुसे राखून ठेवली गेली. तिसऱ्या रायफलीवर हाच लॉट झाडून पाहिला, तेव्हा तिनेही पूर्वीपेक्षा बरे ग्रुप दिले. क्राउनची मर्यादा मात्र स्पष्ट दिसली.

मुलीचे प्रोनचे गुण हळूहळू पाचशे नव्वदकडे सरकले. कधी खाली आले, पण घसरणीचे कारण आता शोधता येत होते. पूर्वी नऊ लागला की ती आपल्या श्वासाकडे, खांद्याकडे, स्लिंगकडे संशयाने पाहत असे, आणि पुढच्या गोळीसाठी काहीतरी बदलत असे. रायफल खात्रीची झाल्यावर चुकलेली गोळी तिला सांगता येऊ लागली, “ही माझी, डावीकडे वारा आला होता,” असे. गुणांच्या वाढीपेक्षा मला हा बदल जास्त मोठा वाटतो. उभ्या स्थितीतले तिचे गुण फारसे हलले नाहीत. ते अपेक्षितच होते, कारण उभ्याने नेमबाजाची स्वतःची हालचाल रायफलीच्या पसाऱ्याहून कितीतरी मोठी असते.

पहिली रायफल नवशिक्यांकडे गेली. तिसरी ज्युनियर मुलांच्या प्रोन सरावाला लागली. दुसरीवर आता कोणी पैसे घालत नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत महाग ठरला तो सुरुवातीचा अर्धा हंगाम, ज्यात रायफलीचा दोष खेळाडूच्या अंगावर टाकला गेला. त्यावर उपाय फुकट होता : दुसऱ्या एखाद्या अनुभवी नेमबाजाने तीच रायफल, तीच काडतुसे घेऊन प्रोनमध्ये दहा-दहाचे काही ग्रुप झाडून पाहायचे, आणि मग तीच रायफल टेकूवर ठेवून पुन्हा. मुलगी, अनुभवी नेमबाज आणि टेकू या तिन्हींचे ग्रुप सारखेच आले असते, तर मुलीची स्लिंग कोणी हलवली नसती. नेमबाज, काडतूस आणि रायफल यांना एकेक करून बाजूला काढण्याचा हा क्रम क्लबने तिसऱ्या खरेदीनंतर पाळला. दुसऱ्या खरेदीआधी पाळला असता, तर ट्रिगर आणि साइटवरचा खर्च टळला असता.

दुसरा मुद्दा वादाचा आहे आणि कार्यकारिणीत त्यावर अजूनही दोन मते आहेत. काहींच्या मते दुसरी रायफल घेतलीच नसती आणि थांबून थेट टार्गेट रायफल घेतली असती, तर सर्वांत कमी खर्च झाला असता. मला हे अर्धेच पटते. तिसरी रायफल हा त्याचा पुरावा आहे की वर्ग बदलल्याने प्रश्न आपोआप सुटत नाही. न तपासता घेतलेली चौथीही तितकीच फसवी ठरू शकली असती. तरीही एक गोष्ट खरी की स्वस्त रायफल तपासून घेतली असती, तरी ती १६ मिलिमीटरच्या आत बसण्याची शक्यता मुळात कमीच होती. तेव्हा तपासणीचा निष्कर्ष ‘घेऊ नका’ असा आला असता आणि तेवढ्यानेच पैसे वाचले असते.

नोंदवहीबद्दल मात्र दुमत नाही. पहिल्या तीन रायफलींपैकी एकीवरही किती गोळ्या झाडल्या, कधी साफ केली, कोणता लॉट वापरला, याची नोंद नव्हती. चौथीची वही पहिल्या दिवसापासून ठेवली गेली आहे. साफसफाई आता मागून, चेंबरच्या बाजूने, बोअर गाइड (गज सरळ ठेवणारी नळी) बसवून आणि आवरण असलेल्या गजानेच होते, आणि रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढायचा असेल तर त्यासाठीचा प्लग वापरणे सक्तीचे आहे.

राहिलेला प्रश्न काडतुसांचा आहे. निवडलेला लॉट संपत आला आहे. संघटनेच्या वाटपातून मिळालेल्या नव्या लॉटांपैकी उत्तम ठरलेल्याचा ग्रुप १८ मिलिमीटरच्या आसपास आहे, म्हणून जुन्या लॉटची उरलेली काडतुसे स्पर्धेसाठी आणि नवी सरावासाठी, असे तूर्त ठरले आहे. वाटपाआधी प्रत्येक लॉटची एकेक पेटी आसपासच्या क्लबांना चाचणीसाठी मिळावी आणि ज्याच्या नळीला जो लॉट मानवेल तो त्याने घ्यावा, अशी विनंती करण्याचा विचार आहे. त्यासाठी तीन जिल्ह्यांच्या क्लबांनी एकाच पद्धतीने मोजमाप करायला हवे, आणि ग्रुप कडेपासून मोजायचा की मध्यापासून, यावर त्यांचे अजून एकमत झालेले नाही.